बेळगावात बसून चोराची ॲनिमेशन फिल्म कशी करायची (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

चोराची फिल्म करायची म्हटलं की सगळे पहिला चोरच काढायला बसतात. काळा कोट, तोंडाला फडकं, कौलावरनं उडी. मी पण तेच केलं होतं, तीन महिने नुसता चोर काढत बसलो, पुढून, मागून, हसताना, पळताना, आणि तीन महिन्यांनी माझ्याकडं एक भारी दिसणारा चोर होता आणि त्याला चोरायला काहीच नव्हतं. म्हणून आधीच सांगतो, चोर शेवटी काढायचा. आधी कुलूप काढा.

मी जी करायची पद्धत सांगतोय ती तीन मिनिटांच्या फिल्मची आहे, एकट्यानं करायची, फुकटच्या सॉफ्टवेअरवर, आणि गोष्ट घडते ती आपल्याच भागात पण अशा बेळगावात जिथं इतिहास जरा वेगळा झालाय. उदाहरण माझ्याच फिल्मचं देतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

पहिलं काम: इतिहासातला एकच खिळा काढायचा

वेगळा इतिहास म्हणजे काय वाट्टेल ते नाही. मी पहिल्या खेपेला पाच गोष्टी बदलल्या होत्या, इंग्रज आलेच नाहीत, पेशवाई चालू, वर विमानं पण उडतात, आणि मित्रानं वाचून एकच विचारलं, "इंग्रज नाहीत तर मग हा कॅम्प कुणाचा?" झालं, सगळा बंगला खाली. एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळं जसं होतं तसं ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला पायाखाली काहीतरी घट्ट लागतं.

मी जो खिळा काढला तो बेळगावजवळच्या कित्तूर संस्थानाचा. खरा इतिहास असा की कित्तूरच्या गादीला घेतलेला दत्तक कंपनीला मान्य नव्हता, त्यावरनं पेटलं, २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे चालून आला आणि राणी चन्नम्माच्या माणसांनी त्याला तिथंच उडवला. पण डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि कित्तूर पडलं. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, १८२९ ला ती तिथंच गेली. माझ्या फिल्ममध्ये तो डिसेंबर वेगळा जातो. कित्तूर पडत नाही, कंपनीला तह करावा लागतो. बास, इतकंच बदललं.

आता इथं वहीत "मग?" असं लिहायचं आणि उत्तर लिहायचं, परत "मग?" लिहायचं. तह झाला, मग? कंपनीनं काहीतरी तारण मागितलं असणार. मग? दत्तकावरनंच भांडण होतं, म्हणजे दत्तकाच्या कागदावर जो शिक्का बसतो तोच तारण म्हणून घेतला, बेळगावच्या किल्ल्यात ठेवला, आता कित्तूरला वारस घ्यायचा तर प्रत्येक वेळी इंग्रजांच्या दारात जायचं. मग? १८८८ चा पावसाळा आहे, कित्तूरच्या गादीला वारस हवाय, साहेब शिक्का देत नाही. तिसऱ्या "मग" ला माझी चोरी आपोआप निघाली. तीनपेक्षा जास्त "मग" करू नका, नायतर कादंबरी होते, मला माहिती आहे.

चोरायची वस्तू कशी असावी? मुठीत मावणारी. पेटारा, तोफ, हत्ती असलं काही घेऊ नका, प्रत्येक फ्रेमला ते उचलून चालणारा माणूस काढावा लागतो आणि वजन दाखवणं हे नवख्याचं काम नाही.

एक सूचना आपुलकीनं. चन्नम्मा, तिचा साथीदार संगोळ्ळी रायण्णा ही माणसं फिल्ममध्ये कॅरेक्टर म्हणून आणू नका. रायण्णाला १८३१ ला नंदगडला फाशी दिली, लोक आजही तिथं माथा टेकतात, आपल्या पळापळीच्या गमतीत त्यांना ओढायचं कारण नाही. त्यांच्या केल्यानं जग बदललंय एवढं पुरे, आपली माणसं साधी गल्लीतली ठेवा.

दुसरं: हद्द शोधा, हद्द म्हणजेच कुलूप

तिजोरी, साखळदंड, पहारेकरी हे सगळ्यांकडं असतं. आपल्याकडं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडं नाही. आजचं शहापूर, म्हणजे आपण रिक्षानं पाच मिनिटांत जातो ते शहापूर, इंग्रजांच्या काळात बेळगावात नव्हतंच, ते सांगली संस्थानात होतं. इकडं इंग्रज, तिकडं पटवर्धन, मधे चालत जाण्याएवढं अंतर. हे मला आजोबांनी सांगितलं तेव्हा मी चोराच्या नजरेनं पहिल्यांदा शहापूरकडं बघितलं. किल्ल्यातनं शिक्का उचलायचा आणि उजाडायच्या आत शहापूरची हद्द गाठायची, पलीकडं गेला की साहेबाच्या शिपायाला परस्पर हात घालता येत नाही, सांगलीला कागद पाठवा, उत्तर येईपर्यंत चोर कित्तूरला पोचलेला. सगळी फिल्म त्या एका रेषेवर उभी राहिली.

(सीमा म्हटल्यावर आपल्याकडं लगेच १९५६ आठवतं. ते या फिल्ममध्ये घुसवू नका. १८८८ ला हद्द भाषेची नव्हती, संस्थानांची होती.)

आता वही घेऊन बाहेर पडा. किल्ल्याभोवती फिरा, खंदक बघा किती खोल आहे, दरवाज्यातनं आत शिरताना वाट कशी वळते ते बघा. किल्ला १२०४ च्या सुमाराचा, रट्ट राजांच्या काळातला, आत कमलबस्ती म्हणून जैन मंदिर आहे त्याचं छत बघा, नुसतं बघून मान दुखते. लष्कराचा भाग आहे तिथं मोबाईल बाहेर काढू नका, वही घेऊन बसलात तरी "काय करायलास?" म्हणून विचारतात. मग किल्ल्यापासून शहापूरपर्यंत एकदा चालत जा आणि घड्याळ लावा. मला पाऊण तास लागला, त्यात चहा धरलाय. तोच पाऊण तास फिल्ममध्ये दीड मिनिटाचा पाठलाग झाला. घरी येऊन एका मोठ्या कागदावर वरनं दिसणारा नकाशा काढा, चोर डावीकडनं उजवीकडं जातो की उलटा ते एकदाच ठरवा आणि सगळ्या फिल्ममध्ये तीच दिशा ठेवा. माझ्याकडं चोर नेहमी डावीकडनं उजवीकडं पळतो कारण नकाशात हद्द उजवीकडं काढलीय. ही गोष्ट पाळली नाही तर बघणाऱ्याला कळतच नाही की तो पळून चाललाय का परत यायलाय.

काळाच्या चुका इथंच पकडायच्या. दोन-तीन सांगतो ज्या माझ्याकडनं झाल्या. कौलं: मंगळुरी चपटी कौलं मी सगळ्या घरांवर काढली होती, पण त्या कौलांचा बासेल मिशनवाल्यांचा कारखाना मंगळूरला १८६५ ला निघाला, म्हणजे १८८८ ला ती पैसेवाल्याच्या घरावर असतील, गरिबाच्या घरावर नळीचीच कौलं. आणि हे आपल्या फायद्याचं आहे कारण नळीचं कौल सुटं असतं, पाय पडला की सरकतं. रेल्वे: तेव्हाची आपली लाईन मीटर गेज, रूळ आजच्यापेक्षा अरुंद, डबे पण छोटे, आजच्या स्टेशनचा फोटो बघून काढू नका. रुपया: लाच देतानाचा क्लोजअप असेल तर १८७७ पासूनच्या नाण्यावर व्हिक्टोरिया एम्प्रेस आहे, त्याआधीच्यावर क्वीन, १८८८ मध्ये दोन्ही चालतील पण १८७० ची गोष्ट करताय तर एम्प्रेस नको. कुंदा १८८८ ला होता का नव्हता यावर मी आणि मित्र एक रविवार भांडलो आणि शेवटी खाऊनच आलो. फिल्ममध्ये गूळ-शेंगदाणे ठेवलेत.

तिसरं: टोळी, तिघांपेक्षा जास्त नको

प्रत्येक जास्तीचा माणूस म्हणजे शंभर-दीडशे चित्रं जास्त. तीन माणसं घ्या आणि तिघांचा आकार लांबनं ओळखू आला पाहिजे, काळी सावली काढली तरी. माझ्याकडं शहापूरची विणकराची पोरगी रखमा, काडीसारखी उंच. गोकाकचा बसाप्पा, गोल, तो लाकडाची खेळणी करतो. आणि निपाणीचा तंबाखूचा गाडीवाला, तो कधी गाडीतनं उतरतच नाही, त्याचे पाय मी काढलेच नाहीत, काम वाचलं.

बसाप्पा का ते सांगतो. गोकाकची लाकडी फळं बघितलीत ना, रंगवलेला आंबा, केळं, हातात घेईपर्यंत कळत नाही. ती बघतानाच डोक्यात आलं की शिक्का चोरून नुसतं पळायचं नाही, जागेवर लाकडाचा नकली ठेवून यायचं. नकली शिक्का दिसतो तंतोतंत पण हलका आहे, म्हणजे कुणी उचलला की भांडं फुटलं. ही भीती बघणाऱ्याला आधी एकदा दाखवून ठेवायची, बसाप्पा तो शिक्का पाण्याच्या घागरीत टाकतो आणि तो तरंगतो. दोन सेकंद. त्यानंतर साहेब टेबलाजवळ नुसता गेला तरी लोकांच्या पोटात गोळा.

आणि रखमाची भाषा. आपल्याकडच्या पोरी "मी येतो", "मी गेलतो" असंच बोलतात, त्यात आपल्याला काही वाटत नाही, पण पुण्याचा माणूस पहिल्यांदा ऐकला की दचकतो. यावर माझा सगळ्यात आवडता सीन आहे. फौजदार पुण्यासनं आलाय, खोलीचं दार ठोठावतो.

"आत कोण आहे?"

"मी हाय की."

"काय करतोयस रे आत?"

"आलो, आलो. थांबा की जरा."

फौजदार शिपायांना हातानं खुणावतो, आत गडी आहे, बाहेर आला की धरा. दार उघडतं, डोक्यावर पदर, कमरेवर घागर, एक बाई बाहेर येते आणि सगळ्यांच्या मधनं निघून जाते. फौजदार रिकाम्या खोलीत शिरून खाटेखाली बघतो. बेळगावचा म्हातारा हवालदार म्हणतो, "साहेब, आमच्यात बायका पण..." "तू गप." आणि हवालदार गप्प. नुसता मिशीत हसतो. हे सगळं अकरा चित्रांत झालंय कारण दार बंद आहे तोवर काहीच हलत नाही, नुसता आवाज. तुमच्या गावचं असं काय आहे ते शोधा, बाहेरचा माणूस कुठं फसतो ते बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

चौथं: बेत सांगायचा का लपवायचा

याला फार डोकं लावायची गरज नाही. चोरांनी बेत बघणाऱ्यासमोर पूर्ण सांगितला तर तो बिघडलाच पाहिजे, नायतर लोकांनी तीच गोष्ट दोनदा का बघायची. बेत लपवला तर तो पार पडू दे, गंमत "हे असं होतं होय" मध्ये आहे. मी अर्धा सांगतो, म्हणजे नकली शिक्का ठेवायचा हे सांगितलं, बाहेर कसं पडायचं ते सांगितलं नाही.

पाचवं: स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक, इथं कंजूषपणा नको

नवखी पोरं इथं घाई करतात आणि सरळ चित्रं काढायला बसतात. ऐका माझं. पाठकोऱ्या कागदाचे चौकोन करा, एका चौकोनात एक शॉट, पेन्सिलनं, काड्यांची माणसं चालतील. तीन मिनिटाला चाळीस ते पन्नास चौकोन होतात. जमिनीवर मांडा आणि उभं राहून बघा. घरातल्या कुणाला तरी बोलवा आणि काही न सांगता बघायला लावा, ते जिथं "हे काय?" म्हणतील तिथं चौकोन बदला. मी आमच्या काकूंना बसवलं होतं, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की शिक्का कुठल्या खिशात गेला ते दिसलंच नाही. बरोबर होतं त्यांचं. चोरीच्या फिल्ममध्ये वस्तू आता कुणाच्या हातात आहे हे बघणाऱ्याला कायम माहिती पाहिजे, नसेल माहिती तर ते तुम्ही मुद्दाम केलेलं पाहिजे.

मग आवाज आधी रेकॉर्ड करा. हो, चित्रांच्या आधी. मोबाईलवरच करा, पण खोलीत घुमतो म्हणून दोन जाड गोधड्या पांघरून आत बसा, उन्हाळ्यात मरायला होतं पण आवाज स्टुडिओसारखा येतो. हेल येऊ दे, पुस्तकी करू नका. मग चौकोनांचे फोटो आणि हे आवाज कुठल्याही एडिटिंगच्या ॲपमध्ये एकामागं एक लावा, कुठला फोटो किती सेकंद ते ठरवा. याला ॲनिमॅटिक म्हणतात. हे बघून कंटाळा आला तर रंगीत झाल्यावर पण येणार. माझी पहिली पाच मिनिटांची झाली होती, कापून कापून तीनवर आणली, कापताना दुखतं, पण कापलेला सीन काढावा लागत नाही हे लक्षात घेतलं की बरं वाटतं.

सहावं: आता चित्रं

हिशोब बघा. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. तीन मिनिटं म्हणजे चार हजार तीनशे वीस. पण एक चित्र दोन फ्रेम धरलं की सेकंदाला बारा पुरतात, म्हणजे दोन हजार एकशे साठ. तरी जास्तच. मग तीन फ्रेम धरा, सेकंदाला आठ, साध्या हालचालीला चालतं. वर जिथं माणूस नुसता उभा आहे तिथं एकच चित्र धरून ठेवा आणि फक्त डोळे मिटवा. चालणं, पळणं याची एकदाच आठ चित्रं करा आणि फिरवत रहा, मागची भिंत सरकवा. असं करत करत माझी फिल्म साडेसहाशे चित्रांत बसली. रोज रात्री दहा काढली तरी दोन-अडीच महिने.

बेळगावचा पाऊस इथं देवासारखा धावून येतो. पावसाच्या रेघांची सहा चित्रं करायची, फिरवत ठेवायची, सगळ्या फिल्मवर वरनं टाकायची. काहीच हलत नसलं तरी पाऊस हलतोय म्हणजे चित्र जिवंत वाटतं. रात्र आहे, पाऊस आहे, म्हणजे लांबची माणसं नुसती काळी काढली तरी कुणी विचारत नाही. आणि रंग कमी ठेवा: लाल माती, शेवाळाचा हिरवा, कंदिलाचा पिवळा. लाल माती ओली झाली की जवळजवळ तपकिरी दिसते, भिजलेल्या रस्त्याचा फोटो काढून त्यातनंच रंग उचला.

पळताना कौल सरकतं तो शॉट जरा जवळनं सांगतो कारण त्यातनं सगळं कळतं. पहिला पाय टेकायच्या आधीचं चित्र, गुडघा वर. मग पाय टेकला, अंग पूर्ण खाली दबलं, बुटकं झालं. मग कौल दोन बोटं सरकलं, रखमा अजून तशीच. हे महत्त्वाचं, कौल आधी सरकतं, तिला नंतर कळतं. मग तिची मान वळते. मग हात हवेत. ही पाच महत्त्वाची चित्रं आधी काढायची, मधली नंतर भरायची. पहिल्यापासून एकेक करत गेलात तर शेवटाला पोरगी डोक्यानं मोठी होऊन बसते, माझी झालीय.

सॉफ्टवेअरचं फार मनावर घेऊ नका. क्रिटा फुकट आहे, वहीसारखं आहे, नवख्याला तेच बरं, फक्त जुन्या लॅपटॉपवर एका फाईलमध्ये शंभरपेक्षा जास्त चित्रं कोंबू नका, शॉट तेवढी फाईल करा. ओपनटूंझ पण फुकट, रंग भरायला फार भारी, पण शिकायला महिना जातो. ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिल आहे, किल्ला थ्रीडीमध्ये बांधून त्यात हातानं काढलेला माणूस फिरवता येतो, ते दुसऱ्या फिल्मला. पेनटॅब्लेट नसला तर कागदावर काढा आणि मोबाईलनं फोटो घ्या, मोबाईल एकाच जागी बांधून ठेवा आणि कागदाला वर दोन भोकं पाडून खिळ्यात अडकवा म्हणजे हलत नाही.

आणि बॅकअप. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कशी जाते ते सांगायला नको, एकदा सेव्ह होता होता गेली आणि पूर्ण शॉट गेला, मग लॅपटॉप दुरुस्तीला दिला तर दुकानदारानं न विचारता सगळं पुसून दिलं. तेव्हापासून रोज रात्री पेनड्राईव्हवर. शेवटी फिल्म एक्स्पोर्ट करताना पण सरळ व्हिडिओ करू नका, आधी सगळ्या फ्रेम वेगवेगळ्या चित्रांच्या फाईल म्हणून सेव्ह करून ठेवा, मधेच बंद पडलं तर तिथनं पुढं चालू करता येतं.

सातवं: आवाजाच्या गमती

पडक्या घरातनं दोन नळीची कौलं आणा आणि एकमेकांवर घासा, बास, तोच आवाज. चिखलातले पाय म्हणजे परातीत ओलं पोतं थोपटायचं. पाऊस मात्र खराच घ्या, खिडकीत मोबाईल ठेवा, पण अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवू नका, त्यात एक कावळा ओरडला असला तर तो दर अर्ध्या मिनिटाला ओरडतो. संगीत कमी. शिक्का बदलतानाच्या आठ सेकंदात मी फक्त पाऊस ठेवलाय आणि मधे रखमाचा एक श्वास.

रात्री दोन वाजता मी कौलं घासत बसलो होतो आणि आई उठून आली.

"काय करायलास रे इतक्या रात्री?"

"चोरी करायलोय."

"झोप की मग, चोर पण झोपला असंल आता."

फिल्म पूर्ण झाल्यावर पहिली तिलाच दाखवली. गप्प बसून बघितली, दाराचा सीन आला तिथं हसली, शिक्का हद्दीपार गेला तिथं बरं म्हणाली, आणि संपल्यावर विचारलं, "ते गरिबाच्या घरावरचं कौल फुटलं ते तसंच ठेवलं होय? पावसाचे दिवस, आत गळत असंल की." मी म्हटलं, आई, ते नुसतं पाठलागातलं आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत लॅपटॉप उघडला. आता शेवटी चार सेकंद जास्तीची आहेत, पहाट झालीय, पाऊस थांबलाय, रखमा शिडीवर आणि हातात नवं कौल. अठ्ठेचाळीस चित्रं गेली त्यात.